संधी आणि सांधा

प्रस्तावना

मराठी व्याकरणातील 'संधी' हा विषय तुम्ही अभ्यासला आहे. 'विद्या' आणि 'आलय' हे शब्द एकत्र आले, की 'विद्यालय' हा शब्द तयार होतो. या नव्या शब्दातील मधला 'आ' कोणाचा, असे विचारले तर त्याचे उत्तर देता येत नाही. तो 'विद्या'चाही आहे आणि 'आलय'चाही आहे. दोन शब्द नुसते शेजारी ठेवल्याने संधी होत नाही. ते एकमेकांत मिसळावे लागतात. याच शब्दाचे बोलीतील भावंड म्हणजे 'सांधा'. गुडघ्याचा सांधा, चौकटीचा सांधा, रेल्वेच्या रुळांचा सांधा असे आपण सहज बोलून जातो.

प्रस्तुत पाठात अशाच एका सांध्याचा परिचय करून दिला आहे. क्वांटम संगणक हे यंत्र सध्या जगातील काही प्रयोगशाळांत आकार घेत आहे. ते एकाच मोठ्या चिपवर उभारावे, की अनेक लहान चिप एकमेकींना सांधून उभारावे, या प्रश्नावर संशोधक झटत आहेत. सांधून उभारावे, असे म्हणणे सोपे आहे. तो सांधा कसा असावा, हे ठरवणे मात्र फार कठीण आहे. ते कठीण का, हे समजून घेणे हाच या पाठाचा गाभा आहे.

पारिभाषिक शब्दांविषयी येथेच एक खुलासा करतो. 'क्वांटम' या शब्दाला मराठीत 'पुंज' असा चांगला प्रतिशब्द आहे. परंतु वृत्तपत्रांतून आणि बोलण्यातून 'क्वांटम' हाच शब्द रुळल्यामुळे पाठात तोच ठेवला आहे. विरोध नाहीसा झालेल्या पदार्थासाठी 'अतिसंवाहक' हा शब्द मात्र मराठीत पूर्वीच स्थिरावला आहे. रुळलेला मराठी शब्द सोडून देण्याचे काही कारण नाही.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर क्वांटम संगणकाचा मूळ घटक कसा असतो, हे तुम्ही स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल. लहान चिप सांधण्याची गरज का पडते आणि त्यात कोणती अडचण येते, हे स्पष्ट करू शकाल. तसेच एखाद्या शास्त्रीय विषयावरील लेखनात ओळखीच्या शब्दांचा उपयोग कसा केला जातो, हे ओळखू शकाल.

मूळ पाठ

(१)

नेदरलँड्समधील लायडन येथे १९११ साली हाइके कामरलिंग ओनेस या शास्त्रज्ञाने द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने पारा अतिशय थंड केला. तापमान उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास येताच पाऱ्याचा विद्युत रोध एकाएकी नाहीसा झाला. या गुणधर्माला अतिसंवाहकता म्हणतात. अ‍ॅल्युमिनियम, नायोबियम यांसारख्या धातूंमध्येही अतिथंड अवस्थेत हा गुणधर्म आढळतो.

त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, १९६२ साली, केंब्रिज विद्यापीठातील ब्रायन जोसेफसन या २२ वर्षांच्या विद्यार्थ्याने एक विलक्षण भाकीत केले. दोन अतिसंवाहकांच्या मध्ये विसंवाहकाचा अतिशय पातळ पडदा ठेवला, तरी त्या पडद्यातून विद्युतप्रवाह विनासायास पलीकडे जाऊ शकेल, असे त्याचे म्हणणे होते. ते प्रयोगाने खरे ठरले आणि १९७३ साली जोसेफसन नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले. अशा रचनेला 'जोसेफसन सांधा' म्हणतात. या पाठात आपल्याला भेटणारा हा पहिला सांधा होय.

पुढे १९८४ व १९८५ या वर्षांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांनी हा सांधा असलेल्या एका विद्युत परिपथावर प्रयोग केले. अणूंच्या जगात चालणारे क्वांटम नियम हातात धरता येईल एवढ्या मोठ्या रचनेतही दिसून येतात, हे त्यांनी दाखवून दिले. या कार्यासाठी २०२५ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. अशा परिपथाची ऊर्जा उतरणीवरून घरंगळल्यासारखी सलग बदलत नाही. ती जिन्याप्रमाणे पायरीपायरीने बदलते. साध्या परिपथात या पायऱ्या सारख्याच उंचीच्या असत्या आणि त्यांतील नेमक्या दोन पायऱ्या निवडून वापरणे अशक्य झाले असते. जोसेफसन सांध्यामुळे पायऱ्यांची उंची असमान होते. त्यामुळे सर्वांत खालची पायरी म्हणजे ० आणि तिच्या वरची पायरी म्हणजे १ असे मानून, इतर पायऱ्यांना न छेडता काम करता येते. या दोन पायऱ्यांवर चालणाऱ्या घटकाला 'क्यूबिट' असे नाव आहे. जपानमधील एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत यासुनोबू नाकामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली अशा अतिसंवाहक घटकाची अवस्था आपल्या इच्छेनुसार बदलून दाखवली.

आपल्या नेहमीच्या संगणकातील घटक एका वेळी ० असतो किंवा १ असतो. क्यूबिट मात्र या दोन्ही अवस्थांच्या मिश्रणात राहू शकतो. या मिश्रणाला 'अध्यारोपण' म्हणतात. तथापि, 'क्वांटम संगणक सगळी उत्तरे एकदम तपासतो' असे जे वृत्तपत्रांतून छापून येते, ते अर्धसत्य आहे. क्यूबिटचे मापन केले, की हाती एकच उत्तर पडते, ० किंवा १. मापनापूर्वी चुकीच्या उत्तरांचे तरंग एकमेकांना छेदून मावळतील आणि योग्य उत्तराचे तरंग बळावतील, अशी गणिताची मांडणी करावी लागते. कौशल्य त्या मांडणीत असते.

(२)

दोन किंवा अधिक क्यूबिट अशा रीतीने एकत्र येऊ शकतात, की त्यांची अवस्था वेगवेगळी सांगताच येत नाही. त्या दोघांची मिळून एकच अवस्था असते. याला 'गुंफण' म्हणतात. प्रस्तावनेतील 'विद्यालय' शब्दामधल्या 'आ'ची येथे आठवण होते. फरक एवढाच, की व्याकरणात संधिविग्रह करून दोन्ही शब्द मूळ रूपात परत मिळवता येतात. गुंफलेल्या क्यूबिटांचा असा विग्रह करू गेल्यास ती अवस्थाच मोडते.

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. क्वांटम संगणकाच्या बाबतीत ती अपुरी पडते. ५० क्यूबिटांच्या एकत्रित अवस्थेचे पूर्ण वर्णन करायचे, तर सर्वसाधारणपणे सुमारे १,१२६ लाख कोटी संख्या लिहाव्या लागतात. आता अशी दोन यंत्रे शेजारी ठेवली, परंतु त्यांच्यात गुंफण नसेल, तर त्या संख्यांची केवळ दुप्पट होते. दोन्ही यंत्रे गुंफली गेली, तर मात्र त्या संख्यांचा आपापसांत गुणाकार होतो आणि एकतीस अंकी संख्या मिळते. एकीकडे बेरीज, दुसरीकडे गुणाकार. म्हणूनच सांधा कसा आहे, यावर सारे काही अवलंबून राहते. ज्या सांध्यातून गुंफण पलीकडे जात नाही, तो सांधा असून नसल्यासारखा आहे.

(३)

मग सगळे क्यूबिट एकाच चिपवर का बसवू नयेत? तसे प्रयत्नही झाले. आयबीएम या अमेरिकी कंपनीने २०२१ साली १२७, २०२२ साली ४३३ आणि डिसेंबर २०२३ मध्ये १,१२१ क्यूबिटांची चिप तयार केली. या शेवटच्या चिपसाठी एकाच शीतयंत्रात एक मैलाहून अधिक लांबीच्या तारा बसवाव्या लागल्या. त्याच वेळी कंपनीने १३३ क्यूबिटांची आणखी एक चिप सादर केली. आकाराने ती कितीतरी लहान होती, पण गुणवत्तेने सरस होती. यापुढील मोठी यंत्रे अशा चिप एकत्र आणून बांधायची, असा मार्ग कंपनीने धरला.

याचे कारण साध्या हिशोबाने समजते. समजा, कारखान्यात घडवलेला प्रत्येक क्यूबिट निर्दोष निघण्याची शक्यता शंभरात ९९ आहे. हे प्रमाण उत्तम वाटते. १० क्यूबिटांची चिप संपूर्ण निर्दोष निघण्याची शक्यता मग सुमारे ९० टक्के राहते. १०० क्यूबिटांच्या चिपसाठी ती सुमारे ३७ टक्क्यांवर येते. १,००० क्यूबिटांची चिप घडवायला घेतली, तर सुमारे तेवीस हजार चिप घडवाव्यात तेव्हा कुठे एखादी सर्वांगाने निर्दोष मिळेल! लहान चिप घडवल्या, तर बिघडलेल्या बाजूला टाकून चांगल्या तेवढ्या निवडता येतात. धान्य पाखडून घेण्यासारखेच हे आहे. हा धोका काल्पनिक नाही. २०१९ साली गाजलेल्या गूगलच्या चिपवर ५४ क्यूबिट घडवले होते. त्यांतील एक चालेना, म्हणून प्रत्यक्ष प्रयोग ५३ क्यूबिटांवर झाला.

याशिवाय शेजारच्या क्यूबिटांच्या वारंवारता फार जवळ आल्या, की एकाला दिलेली सूचना दुसऱ्यालाही लागते. क्यूबिट जितके अधिक, तितके असे अनाहूत संबंध टाळणे अवघड होते. शीतयंत्रातील जागा मर्यादित असते, ही आणखी एक अडचण.

पाठगत प्रश्न

१. जोसेफसन सांध्यामुळे ऊर्जेच्या पायऱ्यांत कोणता बदल होतो व त्याचा काय उपयोग होतो?
२. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण येथे अपुरी का पडते?
३. प्रत्येक क्यूबिट निर्दोष निघण्याची शक्यता ९९ टक्के असूनही मोठी चिप घडवणे कठीण का आहे?

(४)

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. दूरध्वनीच्या तारेतून आवाज जाताना क्षीण होतो. मध्ये मध्ये त्याला बळ देणारी यंत्रे बसवली, की तो शेकडो किलोमीटर जातो. ही यंत्रे क्षीण झालेल्या संकेताची मोठी नक्कल तयार करून पुढे पाठवतात. नेहमीच्या दोन संगणकांना जोडणारी तारही याच तत्त्वावर चालते.

क्वांटम अवस्थेच्या बाबतीत ही वाट बंद आहे. अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करताच येत नाही, हे १९८२ साली विल्यम वूटर्स व वॉयचेक झुरेक यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे डेनिस डीक्स यांनी सिद्ध केले. ही उणीव यंत्राची नाही. निसर्गाचाच तसा नियम आहे. त्यामुळे एका चिपवरील अवस्था दुसऱ्या चिपवर न्यायची, तर ती मूळ अवस्थाच न्यावी लागते. मूळ प्रत आपल्या हातून सुटते, पलीकडे पोहोचली तर पोहोचली. वाटेत हरवली, तर पुन्हा पाठवायला आपल्याजवळ काही उरत नाही.

ही अवस्था वाहून नेतो तो सूक्ष्मतरंगाचा एकच कण, म्हणजे एकच फोटॉन. अतिसंवाहक क्यूबिट साधारणपणे सेकंदाला पाचशे कोटी कंपने, या वारंवारतेच्या जवळपास काम करतात. अशा एका फोटॉनची ऊर्जा अत्यंत अल्प असते. नेहमीच्या खोलीच्या तापमानाला असलेल्या तारेत त्याच वारंवारतेचे हजाराहून अधिक फोटॉन केवळ उष्णतेमुळे वावरत असतात. भर बाजारात एखाद्याने कानात कुजबुजावे आणि ते दुसऱ्या टोकाच्या माणसाला अचूक ऐकू जावे, अशी ही अपेक्षा आहे. म्हणून हा बाजारच बंद करावा लागतो. क्यूबिट असलेली चिप निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या एक-दोन शतांश एवढ्याच तापमानात ठेवतात. हेलियमच्या दोन समस्थानिकांच्या मिश्रणावर चालणारे शीतयंत्र ही थंडी निर्माण करते. दोन चिप सांधणारी तारही तशीच थंड ठेवावी लागते.

फोटॉन पाठवणे हे अर्धेच काम. दुसऱ्या क्यूबिटने तो झेलायला हवा. एकदम सोडलेला स्पंद सुरुवातीला जोरकस असतो आणि मग ओसरत जातो. असा स्पंद समोरच्या टोकावर आपटून परत फिरण्याची शक्यता मोठी असते. यावर १९९७ साली सिराक, झोलर, किंबल व माबुची यांनी एक उपाय सुचवला. स्पंद हळूहळू चढत जावा आणि त्याच गतीने उतरावा, असा तो घडवायचा. उलट क्रमाने पाहिला तरी तो तसाच दिसतो. त्यामुळे पाठवणाऱ्याने ज्या रीतीने सोडला, त्याच रीतीने उलट क्रमाने घेणारा तो संपूर्ण शोषून घेऊ शकतो. आणि पाठवणाऱ्याने आपली ऊर्जा 'अर्धीच' सोडली, म्हणजे फोटॉन सोडला आणि न सोडला अशा मिश्र अवस्थेत तो राहिला, तर दोन्ही टोकांच्या क्यूबिटांत गुंफण निर्माण होते. विद्यालयातला 'आ' तो हाच!

(५)

झुरिक येथील स्विस संघीय तंत्रज्ञान संस्थेत आंद्रेआस वालराफ यांच्या गटाने या दिशेने केलेले काम थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे. २०२० साली त्यांनी दोन वेगवेगळ्या शीतयंत्रांतील क्यूबिट ५ मीटर लांबीच्या मार्गाने सांधले. त्यानंतर त्यांनी ३० मीटर लांबीची नळी बांधली. एवढी लांब नळी कशासाठी? त्यांना गुंफणीची अत्यंत कठोर परीक्षा घ्यायची होती. जॉन बेल या शास्त्रज्ञाने १९६४ साली दाखवून दिले होते, की दोन वस्तू आधीच ठरवून ठेवलेली उत्तरे देत असतील, तर त्यांच्या उत्तरांतील मेळाला एक मर्यादा पडते. या प्रयोगात वापरलेल्या मापाने ती मर्यादा २ आहे. गुंफलेल्या वस्तू ती ओलांडू शकतात. परंतु मापन चालू असताना एका टोकाने दुसऱ्याला गुपचूप निरोप पाठवला, अशी शंका कोणालाही घेता येते. ही शंका दूर करण्यासाठी प्रकाशालाही एका टोकाकडून दुसरीकडे जायला जितका वेळ लागतो, त्याच्या आत दोन्हीकडील मापन पुरे व्हायला हवे. प्रकाशाला त्या अंतरासाठी लागणारा वेळ सुमारे ११० नॅनोसेकंद होता, आणि मापन त्यापूर्वी आटोपत होते.

या ३० मीटरच्या नळीचा अंतर्भाग निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेऊन ठेवावा लागला. तिच्या बांधणीत १.३ टन तांबे आणि १४,००० स्क्रू लागले. एका फोटॉनच्या प्रवासासाठी केवढा हा खटाटोप! दहा लाखांहून अधिक वेळा मापन केल्यावर सरासरी २.०७४७ आली. २ या मर्यादेपेक्षा ती थोडीच अधिक दिसते, परंतु मोजमापातील अनिश्चितता त्या मानाने इतकी अल्प होती, की निष्कर्षाविषयी शंका उरली नाही. हे संशोधन मे २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लांबच्या सांध्यातूनही खरी गुंफण पलीकडे जाते, याचा हा भक्कम पुरावा ठरला.

संगणकासाठी मात्र एवढ्या लांबीची गरज नसते. तेथे प्रश्न असतो तो अचूकतेचा. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली प्रत्येकी तीन क्यूबिट असलेले दोन भाग १ मीटर लांबीच्या अतिसंवाहक तारेने सांधले आणि सहाही क्यूबिट गुंफले. त्या गुंफणीची अचूकता ७२ टक्क्यांच्या आसपास होती. तार उत्तम असली, तरी ती चिपला जेथे भेटते तेथे ऊर्जा गळत होती. चीनमधील शेनझेन येथील संशोधकांनी २०२३ साली शुद्ध अ‍ॅल्युमिनियमची तार वापरून पाच भाग सांधले. एका भागातून दुसऱ्या भागात अवस्था नेण्याची अचूकता त्यांनी ९९ टक्क्यांपर्यंत पोहोचवली. २०२५ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन येथील वोल्फगांग फाफ यांच्या गटाने सोडवता आणि पुन्हा जोडता येणाऱ्या तारेनेही ९९ टक्क्यांच्या जवळपास अचूकता मिळवली. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व व्यवहारी माणसाला चटकन पटेल. एखादा भाग बिघडला, तर तेवढाच काढून दुसरा बसवता येणे, हाच तर सुट्या भागांचा खरा फायदा आहे. सांधा कायमचा डकवून टाकला, तर तो फायदा हातचा जातो.

याहून जवळचा सांधाही असतो. कॅलिफोर्नियातील रिगेटी या कंपनीने २०२५ साली प्रत्येकी ९ क्यूबिटांच्या चार चिप एकमेकींना खेटून बसवल्या आणि ३६ क्यूबिटांचे एक यंत्र केले. येथे लांब तारेची गरजच राहत नाही. परंतु सर्व चिप एकाच शीतयंत्रात, एकमेकींच्या शेजारीच राहाव्या लागतात. आणि शीतयंत्राची जागा संपली, की पुन्हा तारेकडे वळावे लागते.

(६)

तिसरा एक मार्ग अगदी वेगळा आहे. आयबीएमच्या संशोधकांनी १२७ क्यूबिटांच्या दोन यंत्रांना साध्या, म्हणजे क्वांटम नसलेल्या, दुव्याने जोडले आणि १४२ क्यूबिटांचे एक काम करून दाखवले. हे संशोधन नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे गुंफण पलीकडे जात नाही. काम तुकड्यांत कापायचे, एकीकडील मापनाचे निरोप तत्काळ दुसरीकडे कळवायचे आणि शेवटी निकाल गणिताने जुळवायचे, अशी ही युक्ती आहे. तिची किंमत प्रयोगांच्या आवृत्त्यांत मोजावी लागते. कापांची संख्या वाढली, की या आवृत्त्या पटीपटीने वाढत जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते ही युक्ती चतुर असली, तरी तिला सांधा म्हणता येणार नाही. तो पत्रव्यवहार आहे.

सांधा किती चांगला असला म्हणजे पुरे? उत्तम चिपच्या आत दोन क्यूबिटांवरील एखादी क्रिया करताना चूक होण्याचे प्रमाण आता हजारात काही थोडे, एवढे खाली आले आहे. चिपांमधील सांध्यावर ते अजून बरेच अधिक आहे. आयबीएमने २०२४ साली दोन चिपांमध्ये तारेने केलेल्या अशा क्रियेत चुकीचे प्रमाण सुमारे साडेतीन टक्के होते. हा फरक पाहून निराश व्हावेसे वाटते. परंतु चुका दुरुस्त करण्याच्या क्वांटम पद्धतींचा अभ्यास करणाऱ्यांनी एक दिलासा देणारी गोष्ट दाखवून दिली आहे. गोधडीचे उदाहरण घ्या. कापडाचे तुकडे मोठी जागा व्यापतात, शिवण मात्र त्यांच्या कडांवरून रेषेने जाते. त्याचप्रमाणे अनेक क्यूबिटांच्या चादरीत सांध्यावर येणारे क्यूबिट तुलनेने थोडे असतात. त्यामुळे आतील वीण पक्की असेल, तर शिवणीवरील चुका आतील चुकांपेक्षा कितीतरी अधिक असूनही संपूर्ण चादर टिकू शकते. सांधा निर्दोष असण्याची अट त्यामुळे उरत नाही. तो एका मर्यादेपलीकडे सदोष नसावा, एवढेच पाहावे लागते. ही मर्यादा गाठणे शक्य कोटीतले आहे, म्हणूनच इतक्या प्रयोगशाळा या कामाला लागल्या आहेत.

आपल्या देशात केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मंजुरी दिली. आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटांचे संगणक विकसित करणे हे त्याच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. मुंबईत कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ६ अतिसंवाहक क्यूबिटांच्या प्रक्रियकाची संपूर्ण चाचणी पूर्ण झाल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची पुणे येथील तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या त्यातील भागीदार होत्या. सहा हा आकडा लहान आहे, हे कबूल करायला हवे. परंतु क्यूबिट, नियंत्रणाची साधने आणि वापरणाऱ्यापर्यंत पोहोचणारी प्रणाली ही सगळी कडी एकदा येथेच जुळवून पाहिल्याशिवाय पुढचा आकडा गाठता येत नाही. सहावरून हजाराकडे जाताना आपल्याकडील संशोधकांपुढेही चिप सांधण्याचा हाच प्रश्न उभा राहणार आहे.

भाषाविचार

या पाठात 'सांधा', 'जोड', 'दुवा', 'शिवण' आणि 'गुंफण' हे जवळच्या अर्थाचे शब्द आले आहेत. त्यांची अदलाबदल करून पाहा. बहुतेक ठिकाणी वाक्य बिघडते. 'दुवा' हा दोन वस्तूंच्या मधला तिसरा असतो. 'शिवण' उसवता येते. 'गुंफण' म्हटले, की फुलांच्या माळेची आठवण होते आणि एक दोरा ओढला तर सगळी माळ विस्कटेल, हेही कळते. 'सांधा' या शब्दात मात्र हालचाल आहे. गुडघ्याचा सांधा धरला, तर चालणे थांबते. रेल्वेत गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणाऱ्या माणसाला 'सांधेवाला' म्हणत; त्याच्या हातून सांधा चुकला, तर गाडीच चुकीच्या मार्गाला लागे. क्यूबिटची अवस्था एका चिपवरून दुसऱ्या चिपवर नेण्याच्या कामाला हा शब्द किती शोभतो, ते यावरून लक्षात येईल.

शास्त्रीय लेखनात दृष्टान्त जपून वापरावे लागतात. दृष्टान्त कोठवर चालतो आणि कोठे थांबतो, हे लेखकाने सांगायला हवे. पाठातील संधिविग्रहाविषयीचे वाक्य पुन्हा वाचा. ते याच कारणासाठी लिहिले आहे. बाजारातील कुजबुजीचा दृष्टान्त कोठे थांबतो, हे मात्र सांगितलेले नाही. ते तुम्ही शोधा.

शब्दार्थ

अतिसंवाहक - अतिथंड अवस्थेत ज्याचा विद्युत रोध नाहीसा होतो असा पदार्थ. विसंवाहक - ज्यातून वीज सहजी वाहत नाही असा पदार्थ. अध्यारोपण - दोन अवस्थांचे एकाच वेळी असणारे मिश्रण. समस्थानिक - एकाच मूलद्रव्याचे, पण वेगळ्या वस्तुमानाचे अणू. स्पंद - क्षणभर टिकणारा तरंग. अनाहूत - न बोलावता आलेला. नॅनोसेकंद - सेकंदाचा शंभर कोटीवा भाग.

स्वाध्याय

१. अज्ञात क्वांटम अवस्थेची नक्कल करता येत नाही, या नियमामुळे चिप सांधण्याच्या कामात कोणती अडचण येते, ते आठ-दहा ओळींत लिहा.
२. झुरिक येथील प्रयोगात नळी ३० मीटर लांब असणे का आवश्यक होते? संगणक बांधताना तेवढी लांबी का लागत नाही?
३. साध्या दुव्याने जोडलेल्या दोन यंत्रांच्या पद्धतीला लेखकाने 'पत्रव्यवहार' म्हटले आहे. हे मत तुम्हांला पटते का? सकारण लिहा.
४. पुढील शब्दांचा संधिविग्रह करा : विद्यार्थी, सूर्योदय, एकैक, निरपेक्ष.
५. 'सांधा', 'दुवा' व 'शिवण' हे शब्द वापरून तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराच्या कामाचे वर्णन करा. तुम्ही राहता तेथील भाषेत 'सांधा' या अर्थी कोणता शब्द वापरतात, तोही लिहा.